पहिला ठोका रिकामा

आमच्या घरात काळजी करायचं काम माझ्याकडे आहे. बाकीचे नुसते वाजवतात, मी वाजवता वाजवता काळजी करते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यावरूनच म्हणत असावेत.

वडील लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. कर्जत-खालापुरातली एक वाडी अशी नसेल जिथे त्यांनी नवरदेव पोचवला नाही. मुलगा नव्हता, म्हणून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. ‘पोरींच्या हातात ड्रम देतोस, उद्या लाटणं कोण धरणार?’ असं आत्या म्हणायची. लाटणंही आम्हीच धरलं, ते कोणी मोजलं नाही. मग डीजे आले, वराती गेल्या आणि वडिलांची सॅक्सोफोनची पेटी कपाटावर चढली.

ती खाली उतरली धाकटीमुळे. ती पुण्याला शिकायला गेली आणि केनियाचा नवरा करून आली. आमच्या अख्ख्या भिसेगावाला दोन महिने दुसरा विषय नव्हता. वडिलांनी एकच विचारलं, ‘वाजवतो काय?’ तो बास गिटार वाजवायचा. ‘मग बसू दे,’ म्हणाले, आणि पेटीवरची धूळ पुसायला लागले.

असा आमचा घरचा बँड झाला. त्याच्या आजीकडून ऐकलेली तिकडच्या समुद्रकाठची गाणी जावयाची, त्यांना रेगेची चाल, आणि मधल्या मोकळ्या जागेत वडिलांचा जॅझ. त्याला जॅझ म्हणतात हे वडिलांना उशिरा कळलं. त्यांच्या मते ते नवरदेव मारुतीच्या देवळात गेल्यावर वेळ काढायला वाजवायचे तेच होतं. धाकटी गायची आणि कायंबा हलवायची. कायंबा म्हणजे बोरूच्या काड्यांचा चपटा खुळखुळा. येताना बॅगेत तो उसवला, तेव्हा आम्ही त्यात माळावरच्या गुंजा भरल्या. जावई म्हणाला, ‘आवाज घरच्यासारखा आहे.’ कुठल्या घरच्यासारखा, ते मी विचारलं नाही.

ड्रमवर मी. आणि माझंच अडत होतं. लग्नाच्या बँडचा कायदा एकच: आवाज पडू द्यायचा नाही. कोणाचा दम गेला, पाय गटारात गेला, तर ड्रमवाल्याने जोर वाढवायचा, वऱ्हाडाला पत्ता लागू द्यायचा नाही. थांबायचं फक्त दुखवट्याच्या घरापुढे. तिथे वडील मूठ वर करायचे की बाजा बंद. जावयाचं उलटंच. ‘ताई, दर चारातला पहिला ठोका मारू नका. तिथं रिकामं ठेवा.’ रिकामं दिसलं की माझे हात आपोआप पडायचे. तो हसायचा, धाकटी डोळे वटारायची.

त्यात वडिलांचे वरचे दात काढावे लागले. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवरच टेकवतात. कवळी आली, पण बसेना. भाकरी खाताना बसायची, वाजवताना सुटायची. कुंभिवलीच्या हायवेवरच्या एका लॉनवर रविवार दुपारचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि वडील मला एकटीला म्हणाले, ‘या टायमाला जमलं नाय, तर पेटी बंद. परत उघडायची नाय. धाकटीला सांगू नको.’

मी सांगितलं नाही. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. वडील मागच्या अंगणात तोंड धुण्याच्या निमित्ताने सराव करायचे, आणि मी आत कुकरच्या शिट्टीआडून कान लावून बसायचे. स्वर नीट लागायचा, मग मध्येच फुस्स व्हायचा. नंतर नळ सोडल्याचा आवाज यायचा.

रविवारी टेंपोत सामान भरलं. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. लॉनवर माणसं जेवत होती, बरीच आमच्याकडे पाठ करून. मला बरं वाटलं. पहिलं गाणं पार पडलं. मी ड्रममागे बसून वडिलांच्या मानेकडे बघत होते, बाकी काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या गाण्यात त्यांचा लांब स्वर होता. त्यांनी तो उचलला, धरला, आणि तो फाटला. बारीक शिट्टीसारखं काहीतरी निघालं. पुढच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली. वडील थांबले आणि लोकांकडे पाठ करून खाली वाकले.

संपलं, मला वाटलं. आणि हातांनी लहानपणापासून शिकलेलं तेच केलं. पहिला ठोका, दुसरा, सगळे. एवढा जोर मी वरातीतही लावला नसेल. जावई माझ्याकडे बघून मान हलवत होता, धाकटी खुळखुळा धरून नुसती उभी होती. मी थांबले नाही. वडील सरळ झाले, सॅक्सोफोन तोंडाला लावला, गाल फुगले, आणि एकही सूर ऐकू आला नाही. माझ्या ड्रमखाली गेला सगळा.

त्यांनी सॅक्सोफोन खाली घेतला. माझ्याकडे वळून मूठ वर केली.

मी हात आवरले. मला रडूच फुटायचं राहिलं होतं. जावयाने बास हळूच सुरू केला, पहिला ठोका सोडून. वडिलांनी तिथे श्वास घेतला आणि वाजवलं. सूर पूर्वीचा नव्हता. मऊ होता, कडेला थोडा हवेचा, पण सुटला नाही. मी पहिल्यांदाच ती रिकामी जागा रिकामी ठेवली, कारण त्यांचा श्वास मला ऐकायचा होता. गाणं संपल्यावर जेवणाऱ्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी वाढप्याला हाक मारली.

परतताना टेंपोत मी त्यांच्या शेजारी बसले. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेली कवळी होती.

‘खाली वाकून दात काढीत व्हतो गं,’ ते म्हणाले. ‘हिरडीवर टेकवून आठ दिस वाजवतोय मागल्या अंगणात. तेच बसतंय. चारचौघांत बोळकं नको म्हणून दात घातले व्हते. तुला वाटलं, बाप संपला?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘खोटं बोलू नको.’ त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. ‘मी हाय अजून. मला झाकायची एवढी घाई करू नको.’