पापडीची टोपली

सुरतेत कतारगामच्या वृद्धाश्रमात मी ऑफिसचं काम बघायचो, तेव्हा तिथल्या नर्सबाईंना सगळे नुसतं सिस्टर म्हणत. त्या यायच्या आधी त्यांच्या चपलांची फटफट यायची. नव्या माणसाला ठेवून घ्यायचं की नाही, याची तपासणी त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

एकदा ट्रस्टी म्हणाले, "बेन, हे तर कोणीही करेल."

"मग इंजेक्शनही कोणीही देईल, बरं का," सिस्टर म्हणाल्या.

ब्लडप्रेशर वगैरे झालं की त्या सुरती पापडीच्या शेंगांची टोपली घेऊन त्या माणसासमोर बसत आणि त्या मुद्दाम चुकीच्या सोलत. साली दाण्यांत, दाणे सालींत. समोरच्याचे हात, डोळे आणि डोकं किती चालतं ते त्यांना त्यातून कळे.

एका हिवाळ्यात कापडाच्या लूमवर जन्म काढलेल्या खानदेशी बाबांना त्यांचा मुलगा घेऊन आला. बायको गेल्यापासून बाबा बोलत नव्हते. त्यांना समज उरली नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं, आणि तशा माणसाला आमच्याकडे जागा नव्हती. सिस्टर टोपली घेऊन बसल्या आणि चुकीचं सोलू लागल्या. बाबांची नजर त्यांच्या हातांवर होती. मग त्यांनी दाण्यांतली एक साल उचलून बाजूला टाकली, दुसरी टाकली, आणि त्यांना राहवेना.

"वं माय, तुले नर्स कोनी करं?"

मुलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सिस्टर पोट धरून हसल्या. "खिडकीजवळची खाट द्या यांना, बरं का."

त्यानंतर बाबांनी सिस्टरना पापडीला हात म्हणून लावू दिला नाही.