शून्य गरज

आमच्या शिक्षणसंस्थेत बदल्या साहेबांच्या मर्जीने होत, आणि त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे. तरी साहेबांनी बदल्यांसाठी फझी लॉजिक आणलं. नागपुरात धरमपेठेतल्या हॉटेलात उद्घाटन झालं. भर एप्रिलात कोट घालून आलेल्या तज्ज्ञाने तासभर सांगितलं, की माणसाची गरज 'आहे' किंवा 'नाही' एवढीच नसते. ती थोडी असते, बरीच असते, आणि संगणक ती शून्य ते एकच्या मध्ये कुठेही मोजतो. हे कोणत्याही भाजीवालीला ठाऊक असतं, फक्त तिच्याकडे प्रोजेक्टर नसतो.

बदली समितीत मीही होतो. नागपुरात जागा एकच होती. उमरेड शाखेच्या ग्रंथपाल बाईंनी ती मागितली होती. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार, बाई उमरेडहून एस.टी.ने नागपूरच्या घरी परतेपर्यंत ती दोनदा घराबाहेर पडून गांधीबागेत सापडली होती. संगणकाने त्यांची गरज ०.४८ काढली. सगळ्या अर्जांत तीच सर्वांत जास्त होती.

पण आमच्या बडेबाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, तक्त्यात दशांश चिन्हाला जागाच नव्हती. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे आकडे पूर्ण केले. सगळ्यांची गरज शून्य झाली. सगळे समान, म्हणून निर्णय साहेबांकडे गेला, आणि जागा साहेबांच्या साडूच्या मुलीला मिळाली. तक्त्याखाली मी न वाचता सही केली होती.

बाई तक्ता घेऊनच आल्या.

"सर, माझी गरज शून्य काहून?"

मी बडेबाबूंकडे पाहिलं.

"बाई, अर्ध्याच्या खाली शून्यच धरतात," ते म्हणाले. "तीस वर्षांपासून मी असंच करून राहिलो."

"म्हणजे माय अजून एकदा हरवली असती तं पुरं एक झालं असतं?"

"आता ते मी कसं सांगू? मशीनले विचारा नं."

मी साहेबांना लेखी कळवलं, की आकडे पूर्ण केले तर फझी लॉजिकमध्ये लॉजिकही उरत नाही आणि फझीही. त्यांनी शेरा मारला: 'सूचना चांगली. पुढील वर्षी विचार व्हावा.' तज्ज्ञाला मात्र त्याच आठवड्यात शाल आणि श्रीफळ मिळालं.

बाईंनी आईजवळ राहायला बिनपगारी रजा मागितली. ती साहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केली. त्यासाठी संगणक कोणी सुरूही केला नाही.