हितं नगं

मायाक्काची वेबसाइट दिसायला वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. पिवळ्यावर काळी अक्षरं, मधोमध एक मोठं बटण, संपलं. साताऱ्यातल्या ज्या ऑफिसात आम्ही दोघी दुकानांच्या आणि लॉजच्या वेबसाइट बनवतो, तिथले साहेब तिला म्हणाले होते, "हे आपल्याकडे शिकून केलंस म्हणून कुठं सांगू नकोस." तिनं नाही सांगितलं. मी सांगतेय.

मायाक्का माण तालुक्यातली, धनगराची लेक. तिचे वडील बिरूमामा आणि आत्या चंद्राबाई दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य आणि चार महिने टेकायला जागा. दोन वर्षांपूर्वी विट्याच्या रस्त्याला तहानलेली मेंढरं एका उघड्या हौदावर पाणी प्याली. त्यात बागेसाठी युरिया कालवलेला होता. बघता बघता अर्धा कळप आडवा झाला. त्याच हौदावर आठवड्यापूर्वी दुसऱ्या एकाची मेंढरं मेली होती, हे बिरूमामांना नंतर कळलं.

"दोघांच्या खिशात मोबाइल होता," मायाक्का मला म्हणाली. रडली नाही. संतापली होती. त्याच आठवड्यात ती कामाला लागली.

पहिल्यांदा तिनं झकास नकाशा केला. कुठं गवत, कुठं पाणी, आज कुणाचा कळप कुठं बसलाय, सगळं दिसणार. मेंढक्याच्या पोटची पोरगी, पण कॉम्प्युटरपुढं बसली आणि घरचं विसरली. चंद्राबाईंनी तो नकाशा पाहिला आणि हसायलाच लागल्या.

"आगं येडे, चांगलं गवत कोन कुनाला सांगतं व्हय? आन कळप कुटं बसलाय त्ये चोरांनाबी दिसंल की."

"मग सांगायचं तरी काय?"

"मरान कुटं हाय त्ये सांग. तेवडं समदी सांगत्याल. हितं नगं, म्हनायचं."

मायाक्कानं नकाशा पुसला. बटण दाबायचं आणि बोलायचं, बाकीच्यांनी ते ऐकायचं, एवढंच ठेवलं. बोलणाऱ्याचं नाव नको, नंबर नको. जमिनीचा गट नंबर कुठल्या मेंढक्याला पाठ असतो? चिंचेजवळचा हौद म्हटलं की सगळ्यांना कळतं. आत्याचेच शब्द तिनं वर मोठ्या अक्षरात घातले. यंदा रस्त्यानं चालणारे कळप त्यावर बोलायला लागले. इथं तणनाशक मारलंय, तिथं कुत्री सोडतात.

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. कुंडलच्या बाजूचे बागायतदार भाऊसो. बिरूमामा वडिलांच्या वेळेपासून यांच्याच रानात मेंढरं बसवत आले होते. भाऊसोंचा खताचा हौद उघडा आहे, असं कुणीतरी वेबसाइटवर बोलून गेलं होतं.

"पोरी, माजं नाव काड त्यातनं. न्हाईतर तुज्या बापानं माज्या रानात पाय ठेवायचा न्हाई."

"हौद झाका, दादा. झाकल्याचा फोटू धाडा, लगेच काढते."

"मला शिकवतीस व्हय?"

"शिकवत न्हाई. सांगतीया."

फोन आपटला गेला. मी म्हटलं, "एवढ्यापुरतं काढ गं, तुझ्या वडिलांची जागा जाईल." तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग वडिलांचा नंबर लावला. एका हौदापायी आपण बापाला रस्त्यावर आणतोय, हे तिला कळत होतं. फोन तिनं स्पीकरवर ठेवला.

"आबा, भाऊसोचा फोन आलता."

"म्हाइत हाय. मला सकाळीच आलता. पोरीला काडायला सांग म्हनला."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"कशाला सांगू? मेंढरं हाकलली आन रस्त्याला लागलो."

"जायाचं कुटं आता?"

"बगू. रान काय त्याच्या एकट्याचं हाय व्हय?" पलीकडून चंद्राबाईंचं मेंढरांवर ओरडणं ऐकू येत होतं. बिरूमामा शांतपणे म्हणाले, "पर त्ये काडलंस, तर घरला यिऊ नगंस."