बनिमीवरचं चित्र

धारूरला आमच्या घरात माझ्या चित्रांना ताडपत्री म्हणतात. म्हणणाऱ्यांना तरी काय बोलायचं? खोलीभर कापड फरशीवर अंथरायचं, खराट्यानं त्यावर रंग ओढायचा, आणि एवढं करून त्यात ना माणूस ना झाड. पुण्यामुंबईत ही चित्रं विकून माझं बरं चाललंय, पण घरात चौकशी एकच, "झाली का ताडपत्री?" आधी मी चिडायचे. हळूहळू मीही तसंच म्हणायला लागले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या प्रदर्शनासाठी सगळ्यात मोठं चित्र चौकटीवरून काढलं, गुंडाळलं आणि सुतळीनं बांधून पडवीत ठेवलं. वर्षभर त्याच्याशी झटापट चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार म्हणून पुठ्ठे आणायला बाजारात गेले, तर परतेपर्यंत पडवी रिकामी.

"शेतातून फोन आलता," सासूबाई म्हणाल्या. "आबाळ लई भरून आलंय, ताडपत्री पाठवा म्हनले. दिली गड्यासंगं."

"कोणती?"

"पडवीतली. दुसरी कोनती?"

खरी ताडपत्री गोठ्याच्या माळ्यावर होती. मी स्कूटी काढली. पाऊस सुरू झालाच होता. पाण्याची मला फार धास्ती नव्हती, कारण हे रंग वाळले की भिजत नाहीत. धास्ती धोंड्यांची होती. कापून रचलेल्या सोयाबीनची बनीम आमच्याकडे झाकली, की ताडपत्री उडू नये म्हणून चहूबाजूंनी धोंडे रचतात, वरून बाभळीच्या फांद्या टाकतात. एकेक काटा मला अंगात शिरल्यासारखा वाटत होता. शेतातून फोन करणाऱ्या दिराला काय काय सुनावायचं, ते वाटेतच जुळवून ठेवलं.

बनिमीवर चित्र पसरलं होतं, रंगाची बाजू वर. पाणी नुसतं ओघळून जात होतं. धोंडा एकही नव्हता. एका कोपऱ्यावर सासरे उकिडवे बसले होते, दुसऱ्यावर दीर, दोघंही नखशिखांत भिजलेले.

"वैनी, उलगडल्यावर कळलं हे तुमचं हाय," दीर घाईघाईनं म्हणाला. "पन तवर पाऊस आलता. आन्ना म्हनले, धोंडे ठिवू नगं, फाटंल."

आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आजवर माझं एकही चित्र धड पाहिलेलं नव्हतं.

"फाटलं न्हाई," ते म्हणाले. "बगून घे."

मी हात फिरवत सगळीकडून पाहिलं. रंग कुठंच उडाला नव्हता, कापड कुठंच फाटलं नव्हतं. खाली हात घालून पाहिलं, तर सोयाबीनही कोरडं. इतकं हायसं वाटलं की जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

तेवढ्यात वाऱ्यानं पलीकडचा कोपरा उचलला.

"त्यो कोपरा उडायलाय," सासरे म्हणाले. "बस त्याच्यावर."

मी चपला काढल्या आणि जाऊन बसले.