तोरणामागची सेफ्टी पिन

दैवशाला मस्तगडला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आली, तेव्हा तिची राजनंदिनी कडेवर होती. नवरा रामप्रसाद एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात कामाला. ती घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाउजना हूक लावायची. माझे यजमान गेले त्यानंतर ती सकाळचा चहा माझ्याकडे घेऊ लागली. मला सोबत म्हणून येते, असं तिने कधी म्हटलं नाही. "तुमच्याकडं दूध दाट येतंय, माई," एवढंच म्हणायची. मी शाळेत असल्यापासून रोज डायरी लिहिते. तिच्यात माझ्या मुलांपेक्षा दैवशालाचं नाव जास्त वेळा आलं असेल.

त्या कडेवरच्या राजनंदिनीचं लग्न यंदा ठरलं. मुलगा अंगद, कुंभार पिंपळगाव या गावचा, इथेच बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. मुलगा चांगला, माणसं चांगली. साखरपुड्याच्या पंगतीत मात्र मुलाची आत्या सहज बोलून गेली, "आमच्यात सुनेचं नाव बदलत्यात. अ वरून एखादं छानसं काढू." नवरी सासरी आल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत आपल्याला नवीन नाही. दैवशाला तिथे हसली. घरी आल्यावर माझ्या ओट्यावर बसून रडली.

"नाव मी ठेवलंय, माई. सासूला दुसरंच पाहिजे होतं. माझं लगीन वडलांनी ठरवलं, घर ह्यांनी बघितलं. पोरीचं नाव तेवढं माझ्या मनानं झालं. आन् आता तेबी जाणार."

"मग विहीणबाईंना सरळ सांग ना."

"कसं सांगू? म्हणतील, लगीन लागायच्या आधीच अटी घालून राह्यले. राजनंदिनीलाबी नाव सोडायचं न्हाई, पन तीच म्हणती, आई, तू काही बोलू नको. आन् जावयाला विचारलं, तर मला म्हणे, मला चालतंय हो, पन आईला तुम्हीच सांगा."

"म्हणजे घाबरतो आईला."

"बिलकुल! असा वाघ मिळालाय आपल्याला."

तोंडाने सांगणं जमेना, तेव्हा तिने रुखवतातलं तोरण हाती घेतलं. क्रोशाचं काम ती मोबाइलवर बघून शिकली होती आणि पांढऱ्या दोऱ्याची रुंद पट्टी, खाली झालर, एवढं तिचं विणूनही झालं होतं. त्या पट्टीवर लाल दोऱ्याने दोघांची नावं घालायची, असं तिच्या मनात आलं. नावांचं तोरण मुलाच्या दारावर लागणार. एकदा दारावर राजनंदिनी लागली, की घरात तिला दुसरं काय म्हणतील?

अक्षरं मात्र तिने कधी घातली नव्हती. मोबाइलमधल्या बायका इंग्रजी अक्षरं घालत होत्या, तिला आपली पाहिजे होती. तिने एका वाया गेलेल्या पट्टीवर डावीकडून सुरुवात केली आणि 'नी' येईपर्यंत पट्टीच संपली. शिवाय दोरा इतका ओढला होता, की पट्टीला चुण्या पडल्या. "ही बघा तुमची राजनंदिनी," ती म्हणाली, "लोणच्याच्या फोडीसारखी आक्रसली."

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रुमालांवर अक्षरं भरायला शिकवत. पट्टीची घडी घालून आधी मध्य काढायचा, मधलं अक्षर तिथे बसवायचं आणि मग दोन्ही बाजूंना सरकायचं, हे मी तिला सांगितलं. चौकटीच्या कागदावर नावं काढून दिली. पुढचं तिचं तिनेच शोधलं. दोरा पट्टीच्या खाली धरायचा आणि क्रोशाच्या सुईने वरून टोचून फास वर ओढत जायचं, म्हणजे पट्टीवर साखळी उमटते. तिने आधी खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, एकाच ओळीवरून शिरोरेषा ओढून घेतली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर सोडलं. अक्षरं सगळी एका उंचीची आली. दोरा सैल ठेवायची सवय व्हायला वेळ लागला. अनुस्वाराची गाठ तर ती पुन्हा पुन्हा सोडून घालत होती. "ह्या टिकलीनं जीव घेतला माझा," म्हणायची.

तोरण पूर्ण झालं तेव्हा तिने ते माझ्या मांडीवर पसरलं. अंगद आणि राजनंदिनी, मध्ये छोटं फूल. माझ्या डोळ्यांना कुठेच वाकडं दिसेना. सिस्टर नेहमी आधी उलटी बाजू बघत, ती सवय मलाही लागलेली. मी तोरण उलटलं. अंगदच्या नावाचा दोरा मागे नीट खोचलेला होता. राजनंदिनीच्या नावाचा शेवटचा फास मात्र आवळलेलाच नव्हता. तो एका बारीक सेफ्टी पिनेत अडकवला होता आणि पुढचा दोरा मोकळा लोंबत होता.

"हे राहिलं की गं."

"राहिलं न्हाई, ठेवलंय," ती खाली बघत म्हणाली. "पिन काढून दोरा ओढला, की सगळं नाव निघून येतंय. त्यांनी दुसरं नाव सांगितलं, तर तिथंच काढून मंग ते घालून देईन. रुखवतावरून भांडन नको."

एवढी मेहनत करून ती मोडायची सोयही तिने करून ठेवली होती. मी तोरण घडी करून तिच्या हातात दिलं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवताच्या टेबलामागे तोरण टांगलं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे अंगदची आई, सत्यशीलाबाई. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात चष्म्याची डबी. दैवशाला माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं.

आत्याने तोरण वाचलं. "अगंबाई! नाव तर बदलायचं ना आपल्याला? मंग हे दारावर कसं लावायचं?"

सत्यशीलाबाईंनी चष्मा लावला. शिरोरेषेवरून बोट फिरवलं. मग हात वर करून तोरण खुंटीवरून काढलं आणि सरळ उलटं केलं. दैवशालाची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"ही पिन कशाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सत्यशीलाबाईंनी स्वतःच मोकळा दोरा बोटावर घेतला, जरासा ताणून बघितला. त्या स्वतः क्रोशा करणाऱ्या. त्यांना ते कळलं.

"निघायला ठेवलंय व्हय?"

"तुम्ही म्हणाल तसं, ईहीणबाई," दैवशाला कशीबशी म्हणाली. "जल्दी निघतंय. काही त्रास न्हाई."

सत्यशीलाबाईंनी दोरा बोटावरून सोडला. "माझं माहेरचं नाव साखरा," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. कुणी विचारलंबी न्हाई, काढू का ठेवू." मग आत्याकडे वळल्या. "वन्सं, तुमच्या पर्समधली सुई द्या. मोठ्या डोळ्याची."

"इथं? पाहुण्यांच्या म्होरं?"

"मंग काय पिंपळगावला जाऊन खोचू?"

आत्या पुटपुटली, पण सुई निघाली. सत्यशीलाबाई टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या. पिन उघडून त्यांनी ती दैवशालाच्या हातात दिली. दोऱ्याचं टोक फासातून ओढून आवळलं, सुईत ओवलं आणि मागच्या टाक्यांतून पुढे-मागे खोचत नेलं. राहिलेलं टोक सुईच्या पाकिटातल्या छोट्या कात्रीने कापून टाकलं. "आता ओढून बघा," त्या म्हणाल्या. दैवशालाने ओढून बघितलं नाही. तिने पिन आपल्या मंगळसूत्रात अडकवली आणि पदराने तोंड पुसलं.

"टिकली मात्र जरा मोठी झाली," जाता जाता सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"सात वेळा घातली, आता ऱ्हाऊ द्या!" दैवशाला म्हणाली. बायका हसल्या आणि तीही हसली.

दुपारी पाठवणी झाल्यावर कार्यालय आवरून आम्ही रात्री रिक्षाने परत आलो. दैवशालाने घरात दिवा लावला, चहा टाकला आणि पितळी डब्यातून आदल्या दिवशीची शेव काढली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. चहा उकळत असतानाच राजनंदिनीचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"आई, अंगदनी तांदळात लिहिलं."

"काय लिहिलं?"

"माझंच. अंगठीनं नीट येईना, तर सासूबाई त्यांना म्हणाल्या, मधून सुरू कर, कडंला जागा पुरणार न्हाई."

दैवशालाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चहा उतू जात होता. मीच उठून गॅस बारीक केला. तिने शेवेचा डबा पुढ्यात ओढला आणि खायला लागली. भरपूर खाल्लं तिने. ती पिन अजून तिच्या मंगळसूत्रातच आहे. काल सकाळी माझ्या चष्म्याची दांडी निसटली, तर काढून दिली आणि संध्याकाळी आठवणीने परत मागून नेली.