टॅबला लावलेलं पॅकिंग

माझं लग्न झालेलं नाही. मी दवनीवाड्याला वडिलांसोबत राहते आणि शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा निम्मा वेळ त्याचाच विचार करत बसतो. माझी धाकटी बहीण नर्स आहे, पुण्याला असते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आम्हा दोघींना नावाने हाक मारत नाहीत. मी मोठी आणि ती लहानी.

बाबांनी जन्मभर राईस मिलमध्ये मिस्त्रीकाम केलं. इतकी वर्षं पॉलिशर मशीनच्या शेजारी, त्या आवाजात उभं राहिल्यावर माणसाच्या कानांचं जे व्हायचं, ते त्यांच्या कानांचं झालं. उजवा पार गेला, डाव्यात थोडंफार उरलंय. शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र त्यांनी दोन दिवस वापरलं आणि "याच्यात तं मिलच चालून राहिली" म्हणत डब्यात ठेवून दिलं. मी खूप समजावलं. समजावलं म्हणजे ओरडले, कारण त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बोलताच येत नव्हतं.

गेल्या चार वर्षांत त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. जेवलात का, गोळी घेतली का, पाणी भरलं का, हे सगळं मी घसा ताणून विचारायचे आणि ते मान हलवायचे. लहानीचा फोन आला की डाव्या कानाला लावून "बरं हाय, बरं हाय" म्हणायचे आणि लगेच "घे मोठी, बोल" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. शेवटी शेवटी तेवढंही राहिलं नाही. आता हा माणूस एक दिवस बोलायचंच बंद करणार, अशी मला धास्तीच बसली. म्हणून सिम टाकायचा मोठा टॅब घेतला. चेहरा मोठा दिसेल, ओठ दिसतील, निदान लहानीशी तरी बोलतील, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्याच दिवशी मला त्या टॅबचा राग आला. आवाज पूर्ण वाढवला की त्याची मागची बाजू थरथरायची. हातात धरला की बोटांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, आणि टेबलावर ठेवला की आवाजासोबत बारीक गुणगुण ऐकू यायची. नवी वस्तू आणि अशी? मी सेटिंगमध्ये जाऊन सगळी कंपनं बंद केली. ती पडद्याला बोट लावल्यावर होणारी निघाली, त्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. मग आवाजातला जाड भाग कमी करायची एक पट्टी सापडली, ती खाली ओढली. थोडा फरक पडला, पण लहानी नाकात बोलल्यासारखी वाटू लागली, म्हणून ती परत वर केली. स्पीकरच्या भोकांवर बोट ठेवलं की थरथर बदलायची, म्हणजे ती तिथूनच येत होती हे नक्की झालं.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र बाबा अर्धा तास बोलले. टॅब मांडीवर उभा धरून, दोन्ही तळवे मागे लावून बसले होते. लहानीने "जयभीम बाबा" म्हटलं तसे इतके हसले, की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं. वॉर्डातल्या पेशंटच्या गोष्टी, भाजीचे भाव, तिच्या खोलीवरची पालसुद्धा, सगळं विचारलं. मी मनातल्या मनात टॅबच्या मोठ्या पडद्याला श्रेय देऊन टाकलं. फोन संपल्यावर बाबा म्हणाले,

"मशीन थरथरून राहिली वं. पॅकिंग दे तिले."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा सकाळी मिलमध्ये शिरले की कोणाला काही विचारायचे नाहीत. एकेका मशीनवर तळवा ठेवत जायचे. कुठली बेरिंग खराब होत चालली, कुठला बोल्ट ढिला झाला, हे त्यांना हाताने कळायचं. चांगली मशीन जागेवर बसून चालते, थरथरते ती आजारी, तिच्याखाली रबराचं पॅकिंग द्यायचं, असा त्यांचा कायदा. तो कायदा घरालाही लागू होता. मिक्सरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कूलरच्या चारही पायांखाली ट्यूब, आईच्या शिलाई मशीनखाली ट्यूब. आमच्या घरात जे हलतं त्याच्याखाली ट्यूब असते. दुसऱ्यांच्या घरी मिक्सर टेबलावर नाचताना पाहिला की मला अजूनही अस्वस्थ वाटतं.

पण टॅब नवा होता. पॅकिंग कशाला, बदलूनच आणू म्हणून मी गोंदियाला दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड.

"मॅडम, ये तो नॉर्मल है. बॉडी पतली है, स्पीकर पॉवरफुल है, तो व्हायब्रेशन तो आएगाच."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आप पूछते तो बताता." मग त्याने मांडलेले तीन टॅब खाली काढले, तिन्हींवर एकच गाणं लावलं आणि एकेक माझ्या हातात दिला. तिन्ही थरथरत होते. एक तर माझ्या टॅबपेक्षा जास्त. मी तरीही पाच मिनिटं भांडले, कारण एवढं ऊन खात आल्यावर न भांडता परत जाणं मला जमलं नसतं. शेवटी त्याने जाड रबरी कव्हर घ्यायला लावलं. मॅडम, इसमें हाथ को पता भी नहीं चलेगा, म्हणाला.

बाबांना कव्हर पसंत पडलं नाही. ढिलं आहे म्हणाले. जुनी ट्यूब काढली, धुतली, वाळवली, आणि ओसरीवर बसून सुरीने तिचा टॅबच्या मापाचा तुकडा कापला. स्पीकरची भोकं मोकळी राहतील अशा खाचा केल्या. चष्मा नाकावर, जीभ ओठांत धरलेली. मिल सोडल्यानंतर त्यांना इतकं रमलेलं मी पाहिलं नव्हतं. तुकडा कव्हरमध्ये घातला, त्यावर टॅब दाबून बसवला, मी गाणं लावलं. त्यांनी मागे तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "आता बसली." मीही हात लावून पाहिला. मुंग्या नाहीत, गुणगुण नाही. आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लहानीचा फोन आला. बाबांनी टॅब हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं, "बरं हाय" म्हणाले. ती बोलत होती आणि हे मधेच वेगळंच काहीतरी विचारत होते. ती थांबली की हे गप्प, ती बोलू लागली की हे बोलू लागले. दोन मिनिटांत "घे मोठी, बोल." तिसऱ्या दिवशीही तेच. मग फोनची वेळ झाली की ते चप्पल घालून बसस्टँडवर जाऊन बसायला लागले.

लहानी एका आठवड्याने मला म्हणाली, "ताई, बाबा माझ्यावर नाराज आहेत का? त्या दिवशी इतके बोलले आणि आता माझं तोंडही पाहायचं नाही त्यांना." बोलता बोलता ती रडू लागली. मला तिची दया आली, आणि बाबांचा असा राग आला की मी त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर उभी राहून कडाडले. पोरगी तिकडे रडते, तुमच्यासाठी एवढा टॅब आणला, गोंदियाला ऊन खात गेले, आणि तुम्ही बसस्टँडवर! ते खाटेवर बसून ऐकत होते. म्हणजे पाहत होते. मग म्हणाले, "समजत नाई मले," आणि पाठ करून झोपले. त्यांच्या त्या पाठीकडे पाहून मी रडले. रागाने की कशाने, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

मग ऊन वाढलं. चार्जिंगला लावला की टॅब इतका तापायचा की एका दुपारी त्याने स्वतःच चार्जिंग बंद करून पडद्यावर सूचना दिली. ट्यूब आणि कव्हर मिळून त्याचा श्वास कोंडला होता. मी दोन्ही काढलं आणि टॅब खिडकीपाशी गार व्हायला ठेवला. नेमका तेव्हाच लहानीचा फोन आला. तिची ड्यूटी बदलली होती. बाबांना बसस्टँडला पळायला वेळ मिळाला नाही. मी टॅब तसाच उघडा त्यांच्या हातात दिला.

त्यांचा चेहरा बदलला. डावा तळवा सरकत मागे गेला आणि एका जागी थांबला. "आली," ते म्हणाले. लहानी काहीतरी सांगत होती, हे तिच्या ओठांकडे पाहत होते, आणि ती थांबली की लगेच बरोबर उत्तर देत होते. मी शेजारी उभी राहून पाहत राहिले. मग मला शंका आली. फोन चालू असतानाच मी टॅबच्या मागे ते ट्यूबवालं कव्हर धरलं, त्यांचा हात त्यावर आला.

"काऊन बंद केली?" ते चिडून म्हणाले. पडद्यावर लहानी बोलतच होती.

मी कव्हर काढून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कव्हरकडे पाहिलं, आणि त्यांनाही कळलं. ती कुठे सुरू झाली, कुठे थांबली, हसली की कुरकुरली, हे त्यांना हातातून कळत होतं, आणि ओठ पाहून उरलेलं जुळत होतं. जन्मभर ज्या हाताने मशीन ऐकली, त्याच हाताने ते तिला ऐकत होते. आणि आम्ही दोघांनी मिळून, अगदी मापात कापून, तिचा आवाज बंद करून ठेवला होता. महिनाभर पोरगी तिकडे रडली ती यामुळे.

फोन संपल्यावर मी हातवारे करून विचारलं, पॅकिंग पुन्हा घालू का?

बाबांना आपला कायदा मोडणं जड जात होतं, ते दिसत होतं. टॅब उलटा करून पाहिला, कडेने बोट फिरवलं. "राहू दे," म्हणाले. "मशीन नवी हाय. थोडी थरथरते. चालते." मी हसू दाबलं. ट्यूबचा तुकडा त्यांनीच उचलून मिक्सरखालच्या ट्यूबवर घातला.

त्यानंतर लहानीचे फोन सुरळीत झाले. माझं आणि बाबांचं मात्र होतं तसंच चाललं होतं, आणि त्यात काही बदलावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी घरातच असते. मी त्यांना टॅबवर फोन कशाला करू?

पावसाळ्याआधी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तालुक्याच्या गावी, तीन दिवस. पहिल्याच दुपारी जेवायच्या सुट्टीत मला आठवलं की मी गॅसचा खटका बंद केला की नाही हे नक्की नाही. व्हरांड्यात सगळे डबे उघडून बसले होते, त्यामुळे मी कोपऱ्यात जाऊन, तोंडाशी फोन धरून, हळू आवाजात बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी हिरवं बटण दाबलं. त्यांचं अर्धं कपाळ दिसलं, मग पूर्ण चेहरा. मी गॅसचं विचारलं. ते उठून पाहून आले, बंद आहे म्हणाले, आणि पुन्हा बसले. फोन ठेवेनात. माझ्याकडे बघत राहिले.

"आज भांडत नाईस तू?" त्यांनी विचारलं.

"मी कधी भांडते, बाबा?"

"रोज. सकाळपासून. तोंडच तसं रायते तुह्यं." ते अगदी साधेपणाने सांगत होते. "मले वाटे, माह्यापायी पोरगी घरी अडकली. लग्न नाई, काई नाई. त्याचा राग काढते. मंग आपन कायले बोलाव? बोललो तं अजून वाढे."

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं, ते मी कठड्यावर ठेवलं. चार वर्षं मी ज्याला बहिरेपणा समजत होते, तो निम्मा माझ्या चेहऱ्याचा धाक होता. मी म्हटलं, "बाबा, मी ओरडत होते, कारण तुम्हाला ऐकू येत नव्हतं. राग नव्हता. कधीच नव्हता."

टॅबमागचा हात त्यांनी जरा वर सरकवला.

"मंग आता ओरडू नको," ते म्हणाले. "ऐकू येऊन राहिलं. बोल."

सुट्टी संपली, सगळे डबे बंद करून आत गेले. मी कोपऱ्यातच उभी राहिले आणि डब्यात काय आणलं होतं ते त्यांना सांगू लागले.