बाबांच्या पेशींचं काम

मी कामठीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्या वर्षी मे महिन्यात बाबा भर उन्हात स्कूटरवर कन्हानला जाऊन आले आणि जुलाबांनी आडवे झाले. दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, सोडियम-पोटॅशियम दोन्ही कमी झालंय, आठवडाभर आराम.

घरी आल्यावर बाबांनी मला विचारलं, "हे सोडियम-पोटॅशियम शरीरात करते काय वं?"

शिकवणाऱ्या माणसाला असं विचारू नये. मी त्यांच्या पलंगावरच वर्ग भरवला. पेशीच्या पडद्यात इवलेइवले पंप असतात. एका खेपेला तीन सोडियम बाहेर ढकलायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. बाहेर आधीच सोडियमची गर्दी, आत पोटॅशियमची. गर्दीतच आणखी लोटायचं, म्हणून हे आपोआप होत नाही, ऊर्जा लागते.

"आणि हे झोपेतसुद्धा चालू असतं," मी म्हणाले.

"झोपेत बी?" बाबा उठून बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की माझी चूक माझ्या लक्षात आली.

आठवडा संपला, बाबा उठेनात.

"अवो, कूलरमधी पाणी टाका ना," आई म्हणाली.

"मी काम करून राहिलो न."

"लोळून राहिले तुम्ही!"

"तीन बाहेर, दोन आत. विचार पोरीले."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगू लागले. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू थेट माझ्यावर आल्या. "काय शिकवलं वं तू यायले? आमचे बी सकाळपासून पडून आहेत. म्हणतात, पेशी थकल्या!"

मी आईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने गॅस बंद केला आणि समोरच्या दिवाणावर आडवी झाली.

एक वाजला. बाबांनी विचारलं, "जेवाचं काय वं?"

"माह्या बी पेशी आहेत," आई डोळे न उघडता म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जेवलो नाही, तं ऊर्जा कुठून येते?"

"साठवलेली संपेपर्यंत तीच वापरायची. शेवटी जेवावंच लागतं."

जीवशास्त्रानेही साथ सोडल्यावर ते उठले. तासाभराने खिचडी झाली. खाली करपलेली, वर कच्ची. मधली तेवढी आम्ही तिघांनी खाल्ली. बाबांनी भांडीही घासली आणि करपलेलं पातेलं खरवडताना घामाघूम झाले. हात धुऊन आई परत आडवी झाली, ती चहापर्यंत उठली नाही.